आई-बाबांना फिश अँड चिप्स: यॉर्कशायरमध्ये कुठे न्यावं, काय मागवावं?

मृदा
नमस्कार मंडळी. मे महिन्यात आई-बाबा देवगडहून आमच्याकडे लीड्सला येतायत, पहिल्यांदाच. बाबांना ताटात मासा नसला की जेवल्यासारखं वाटत नाही. त्यांना इथला समुद्र दाखवायचा आणि तिथेच फिश अँड चिप्स, म्हणजे पिठात बुडवून तळलेला मासा आणि बटाट्याचे जाड तळलेले तुकडे, खाऊ घालायचे असं मी कधीपासून ठरवलंय. आईचे गुडघे दुखतात, वाऱ्यात बाकावर बसून कागदातलं खाणं तिला जमायचं नाही. टेबल-खुर्ची, गरम चहा आणि धड बाथरूम असलेलं साधंसं रेस्टॉरंट हवंय, महागडं नको.

मुख्य अडचण अशी की आई-बाबा दोघंही बीफ खात नाहीत. ऑफिसमधला एकजण म्हणाला की यॉर्कशायरमध्ये बऱ्याच ठिकाणी मासे गुरांच्या चरबीत तळतात. हे खरं का? कसं ओळखायचं? आणि मसाला नसलेला मासा बाबांना रुचावा म्हणून काय मागवावं, कसं खावं, तेही सांगा.

सातपाटीकर
मृदाताई, तुमच्या सहकाऱ्याने बरोबर सांगितलंय. यॉर्कशायरमध्ये बीफ ड्रिपिंग, म्हणजे गुरांची वितळवून गाळलेली चरबी, हीच जुनी रीत आहे आणि इथले लोक ती अभिमानाने सांगतात. दुकानाच्या काचेवर, मेन्यूवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं. त्यामुळे ओळखणं अवघड नाही. लिहिलेलं नसेल तर मात्र गृहीत धरू नका, सरळ विचारा: 'तुम्ही कशात तळता?' यात कुणाला राग येत नाही. मुसलमान, ज्यू, शाकाहारी, सगळेच विचारतात.

एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. फक्त मासा कशात तळतात एवढं विचारून थांबू नका. चिप्सही बहुतेक वेळा त्याच चरबीत तळलेल्या असतात. 'माझ्या आईसाठी नुसत्या चिप्स द्या' म्हणून सुटका होत नाही. वनस्पती तेलात तळणारी दुकानं यॉर्कशायरमध्येही आहेत. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि टेबल मिळेल का तेही त्याच फोनवर बघा.

जागेचं म्हणाल तर व्हिटबीला जा. लीड्सहून कोस्टलायनरची बस यॉर्क, मॉल्टन करत मूर्समधून, म्हणजे उघड्या माळरानातून, थेट व्हिटबीला जाते. गाडीने साधारण दोन तास. बंदर, मासेमारीच्या होड्या, वर टेकडीवर मठाचे अवशेष. बाबांना बंदरावरून हलवावंसं वाटणार नाही. मठाकडे जाणाऱ्या १९९ पायऱ्या मात्र आईंना चढायला लावू नका, वर गाडीनेही जाता येतं.

अबोली
मस्त धागा. मृदा, मेन्यूवर 'सीनियर' किंवा 'पेन्शनर्स स्पेशल' असं काही आहे का ते बघ. बऱ्याच ठिकाणी दुपारी असतं. लहान मासा, थोड्या चिप्स, वाटाणे, ब्रेड-बटर आणि चहा असं मिळून येतं. पूर्ण आकाराचा मासा आपल्या आयांना बघूनच दडपण येतं, ताटाच्या दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला असतो. माझ्या सासूबाईंनी अर्धा टाकावा लागला म्हणून संध्याकाळभर हळहळ केली होती. लहानच घे, लागलं तर आणखी मागवता येतं.

तीन-साडेतीनला पोचू नका. दुपारचं जेवण संपलं की काही दुकानं संध्याकाळपर्यंत बंद असतात. बाराच्या सुमारास जाणं उत्तम, गर्दी कमी आणि तेलही ताजं.

रानवारा
थोडं वेगळं मत मांडतो, राग नसावा. मी इंग्लंडात बरीच वर्षं काढली, पण या पदार्थाचं एवढं कौतुक का होतं ते मला पटलेलं नाही. जाड पिठाचं आवरण, आत बेचव पांढरा मासा, खाली तेल प्यायलेल्या मऊ चिप्स. ज्या माणसाने देवगडात सकाळच्या लिलावातला बांगडा खाल्लाय त्याला हे देणं म्हणजे त्याच्या जिभेवर अन्याय आहे. त्यापेक्षा मासळीबाजारातून ताजे मॅकरेल आणा, घरी तिखट-मीठ-हळद लावून तळा. बाबा खूश होतील.

सातपाटीकर
रानवारा, तुम्ही वर्णन केलंय तसा मासा मीही खाल्लाय, आणि तो वाईटच होता. पण तो वाईट तळलेला मासा. चांगला कसा असतो ते सांगतो, कारण माझं बालपण पापलेटाच्या गावात गेलं आणि यॉर्कशायरमधल्या हल या बंदराच्या शहरात आल्यावर मलाही सुरुवातीला तुमच्यासारखंच वाटायचं.

पिठाचं काम माशाला चव द्यायचं नाही. पीठ पातळ, थंडगार असतं. ते १८० अंशांच्या आसपास तापलेल्या तेलात पडलं की बाहेरचा थर लगेच कडक होतो आणि आतला मासा स्वतःच्याच पाण्याच्या वाफेवर शिजतो. तेल त्याच्यापर्यंत पोचतच नाही. काट्याने मधोमध टोचलं की कुर्रकन आवाज येतो, फटीतून वाफ निघते आणि आत मासा ओल्या पाकळ्यांसारखा सुटा होतो. असं झालं नाही, आवरण माशाला चिकटून आत ओलं पीठ राहिलं, तर तेल पुरेसं तापलेलं नव्हतं किंवा मासा तळून काचेच्या पेटीत ठेवून दिला होता. म्हणून मी नेहमी विचारतो, 'आत्ता तळून देता का?' दहा मिनिटं थांबावं लागलं तरी चालेल.

बांगड्याशी तुलना करूच नये. बांगडा तेलकट, उग्र, त्याला तिखट आणि तिरफळ पेलतं. कॉड आणि हॅडॉक हे थंड पाण्यातले कमी चरबीचे मासे, त्यांची चव नाजूक. त्यावर आपला मसाला घातला तर मसालाच लागेल, मासा हरवेल.

मृदाताई, यॉर्कशायरमध्ये हॅडॉक मागवा. दक्षिणेत कॉड चालतो, इकडे आणि स्कॉटलंडमध्ये हॅडॉकला मान. हॅडॉकला किंचित गोडवा असतो आणि इकडे तो बहुधा कातडी काढून तळतात. काटे जवळपास नसतातच. बाबांना काटे काढत खायची सवय असेल तर उलट चुकल्याचुकल्यासारखं होईल!

मृदा
सगळ्यांचे मनापासून आभार. चिप्सचं अजिबात लक्षात आलं नसतं. रानवारा, घरी बांगडे होणारच आहेत, पण बाहेरचं इथलं खाणंही त्यांनी बघावं असं वाटतं. दोन प्रश्न: ते हिरवे लगदा वाटाणे चांगले लागतात का? आणि व्हिनेगर किती घालायचं? मी आजवर बेतानेच घातलंय.

ग्लासगोवाला
व्हिनेगर सढळ हाताने घाल. आधी मीठ की आधी व्हिनेगर यावरून इथे भांडणं होतात. माझ्या मते आधी व्हिनेगर, मग मीठ, नाहीतर मीठ वाहून ताटात जातं. टेबलावरच्या बाटलीवर 'माल्ट व्हिनेगर' लिहिलंय का ते बघ. ते जवापासून आंबवून केलेलं असतं, त्याला वास आणि खोली असते. पुष्कळ दुकानांत स्वस्तातलं 'नॉन-ब्रूड कॉन्डिमेंट' ठेवतात, म्हणजे पाणी, अॅसेटिक अॅसिड आणि रंग. त्याला कायद्याने व्हिनेगर म्हणता येत नाही. नुसतं आंबट लागतं. चांगल्या रेस्टॉरंटमध्ये माल्ट मागितलं की आणून देतात.

आमच्या स्कॉटलंडमध्ये 'फिश सपर' म्हटलं की मासा आणि चिप्स दोन्ही येतात, नुसतं 'फिश' म्हटलं तर चिप्स येत नाहीत. एडिनबराला गेलीस तर 'सॉल्ट अँड सॉस?' असं विचारतात. तो सॉस म्हणजे व्हिनेगरने पातळ केलेला ब्राउन सॉस, चिंचेच्या चटणीच्या जवळपास जाणारा. ग्लासगोत मात्र मीठ-व्हिनेगरच. आणि फाइफच्या किनाऱ्यावर अँस्ट्रदरला कधी जमलं तर जरूर जा, धक्क्यासमोर बसून खायला मिळतं.

अबोली
मशी पीज मला फार आवडतात. ते साधे मटार नव्हेत. मॅरोफॅट जातीचे वाटाणे वेलावरच वाळवतात, मग रात्रभर सोडा घातलेल्या पाण्यात भिजवून मऊ होईपर्यंत शिजवतात. आपल्याकडे वाळलेल्या हिरव्या वाटाण्यांची उसळ करतो ना, त्याच्याच अलीकडच्या पायरीवर थांबल्यासारखं. वरून थोडं व्हिनेगर आणि मिरपूड घातली की माझ्या घरच्यांनी वाटी चाटूनपुसून खाल्ली.

करी सॉसही मागव एक वाटी. पिवळसर, गोडसर, सफरचंद आणि करी पावडरच्या चवीचा. भारतीय म्हणून त्याच्याकडून अपेक्षा ठेवू नकोस, पण चिप्स बुडवून छान लागतो.

शेवंता
इथे शाकाहारींसाठी कुणी लिहील का? आम्ही चौघं जातो तेव्हा माझा नवरा कोरडा ब्रेड खात बसतो. बरं वाटत नाही.

ग्लासगोवाला
शेवंताताई, वनस्पती तेलाचं दुकान निवडलं तरी चिप्स आणि मासा एकाच कढईत तळतात का ते विचारा. मोठ्या दुकानांत तळायच्या ओळीत तीन-चार कढया असतात आणि चिप्सची वेगळी ठेवलेली असते, छोट्या दुकानात तसं नसतं. पी फ्रिटर (पिठात तळलेला वाटाण्याचा गोळा), हलूमी फ्राय (तळलेलं हलूमी चीज), चीज-अँड-अनियन पाय असं काही ना काही मिळतं. केळफुलाचा 'मासा' करणारी दुकानंही निघालीत. ते केळफूल समुद्री शेवाळाच्या पाण्यात मुरवतात, त्यामुळे वास माशाचा येतो. काही शाकाहारींना तो वासच नकोसा होतो, तेव्हा आधी विचारून घ्या. आणि यॉर्कशायरमधला 'फिशकेक' नावाला भुलून नुसता बटाट्याचा समजू नका, बटाट्याच्या दोन चकत्यांमध्ये मासा भरलेला असतो.

नदीकाठ
वाचतोय. एक शंका. व्हिटबी बंदरावर बसून खाल्लेला हॅडॉक तिथल्याच होड्यांनी आणलेला असतो का? म्हणजे सकाळी पकडला, दुपारी ताटात?

सातपाटीकर
बहुतेक वेळा नाही. आणि हे जरा सविस्तर लिहितो, कारण मी हलमध्ये राहतो आणि इथे हा विषय लोकांच्या काळजाचा आहे.

आज ब्रिटनमध्ये खाल्ला जाणारा बराचसा कॉड आणि हॅडॉक आइसलँड, नॉर्वे, बॅरेंट्स समुद्र इकडून येतो. मोठ्या जहाजांवर मासा पकडल्यानंतर काही तासांतच कापून, साफ करून गोठवतात. त्याला 'फ्रोझन ॲट सी' म्हणतात. फ्रोझन म्हटलं की आपण नाक मुरडतो, पण बर्फावर पाच-सहा दिवस पडून आलेल्या 'ताज्या' माशापेक्षा तो पुष्कळदा चांगला असतो. तळणारे बरेच जुने लोक मुद्दाम तोच घेतात. व्हिटबीच्या होड्या आता जास्त करून खेकडे आणि लॉब्स्टर आणतात. ताजा स्थानिक मासा असेल तर फळ्यावर खडूने लिहिलेला असतो, तेव्हा तो जरूर मागवा.

पूर्वी हे मासे आणायचे ते हल आणि ग्रिम्सबीचे ट्रॉलर. थेट आइसलँडपर्यंत जायचे. आइसलँडने आपली हद्द टप्प्याटप्प्याने वाढवत नेली, १९५८ पासून ब्रिटनशी तीन वेळा 'कॉड वॉर' झालं, आणि शेवटी १९७६ मध्ये ब्रिटनला २०० सागरी मैलांची हद्द मान्य करावी लागली. त्यानंतर ही दोन्ही बंदरं खचली. हजारो लोकांचा रोजगार गेला.

त्याआधी १९६८ च्या हिवाळ्यात हलचे तीन ट्रॉलर महिन्याभराच्या आत बुडाले आणि ५८ माणसं गेली. दोरांवर, डोलकाठीवर बर्फ साचून जहाजं उलटायची. तेव्हा हेसल रोड या हलमधल्या मच्छीमार वस्तीतल्या बायका उभ्या राहिल्या, लिलियन बिलोका त्यांच्या पुढे. प्रत्येक जहाजावर पूर्णवेळ रेडिओ ऑपरेटर असलाच पाहिजे, सुरक्षेची साधनं पाहिजेत, म्हणून त्या लंडनला मंत्र्यांना भेटल्या आणि मागण्या मान्य करून घेतल्या. लिलियनबाईंना मात्र नंतर धमक्यांची पत्रं आली, मासळीच्या कारखान्यातली नोकरी गेली. माझ्या घरी सातपाटीला वादळात होड्या परतायची वाट बघणं मी लहानपणी पाहिलंय. त्यामुळे हेसल रोडवरून चालताना मला त्या बायका परक्या वाटत नाहीत. इथे बसून हॅडॉक खाणाऱ्याला एवढं माहीत असावं असं मला मनापासून वाटतं.

नदीकाठ
हे काहीच माहीत नव्हतं. फार महत्त्वाचं लिहिलंत, धन्यवाद.

अबोली
सातपाटीकर, खूप छान लिहिलंत. मी थोडी भर घालते. तळलेला मासा इंग्लंडात आणला तो स्पेन-पोर्तुगालमधून आलेल्या ज्यू लोकांनी. शनिवारी शब्बाथला चूल पेटवायची नाही, म्हणून ते शुक्रवारीच मासा पिठात घोळवून तळून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी गार खायचे. मासा आणि चिप्स एकत्र विकायला पहिल्यांदा कुणी सुरुवात केली यावर दोन दावे आहेत. लंडनच्या ईस्ट एंडमध्ये जोसेफ मॅलिन, १८६० च्या सुमारास, आणि लँकेशायरमधल्या मॉस्लीत जॉन लीस, १८६३ च्या सुमारास. उत्तरेकडचे लोक दुसराच दावा खरा मानतात.

बसून खायच्या रेस्टॉरंटचा विषय आहे म्हणून सांगते. लीड्सजवळच्या गाइज्लीत हॅरी रॅम्सडेन यांनी १९२८ मध्ये लाकडी खोपटात दुकान काढलं आणि तीनच वर्षांत शेजारी गालिचे, झुंबरं असलेलं मोठं रेस्टॉरंट बांधलं. गिरणीतल्या कामगारांनाही टेबलावर कापड अंथरून, चहाच्या किटलीसकट वाढलं जायचं. मला या पदार्थातलं हेच सगळ्यात आवडतं, की साधी माणसं कुटुंबासकट ऐटीत बसून खाऊ शकत होती. दुसऱ्या महायुद्धात जवळजवळ सगळ्यावर रेशन होतं, पण फिश अँड चिप्सवर सरकारने ते लावलं नाही.

रानवारा
माहितीबद्दल आभार. माझं मत पूर्ण बदललं असं नाही म्हणणार. आता किंमतीही बघा. २०२२ मध्ये युक्रेनच्या युद्धामुळे सूर्यफूल तेल महागलं, मासा महागला, वीज-गॅस महागले. कामगाराचं स्वस्त जेवण म्हणून ज्याची ख्याती होती ते आता चौघांच्या कुटुंबाला जड जातं. कितीतरी दुकानं बंद पडली. पण आत्ता तळून द्या असं सांगून एकदा खाऊन बघेन, हे नक्की.

मृदा
जाऊन आलो! फोन करून वनस्पती तेलाचं ठिकाण पक्कं केलं होतं, तरी आईने आत गेल्यावर काउंटरवरच्या मुलीकडून पुन्हा वदवून घेतलं, मगच खुर्चीवर बसली. त्या मुलीने तेलाचा डबा आणून दाखवला, आईला तिचं फार कौतुक वाटलं. दोघांना लहान हॅडॉक, मला नेहमीचा. बाबांनी पहिला तुकडा काहीच न लावता खाल्ला, बराच वेळ चावला आणि म्हणाले, 'मासो बरो आसा, शिळो नाय.' त्यांच्याकडून याहून मोठी पावती नसते. मग लिंबू पिळलं, व्हिनेगर घातलं. आवरण त्यांनी बाजूला काढून ठेवलं होतं, ते आईने चिप्ससारखं मोडून खाल्लं. मशी पीजला बाबांनी हात लावला नाही. आईला चहा आवडला, ब्रेड-बटर आवडलं. चिप्सचा अर्धा ढीग उरला तो बांधून घेतला, पण घरी तो मऊ पडला.

नंतर बाबा धक्क्यावर जाऊन खेकड्यांचे पिंजरे बघत उभे राहिले. एका होडीवाल्याशी खाणाखुणांनी त्यांचं बराच वेळ बोलणं चाललं होतं. सातपाटीकर, हलची गोष्ट त्यांना सांगितली, पुढच्या वेळी तिकडे न्यायला सांगितलंय.

सातपाटीकर
फार आनंद झाला वाचून. हलला आलात की कळवा. इथे 'पॅटी बटी', म्हणजे पावात घातलेली बटाट्याची तळलेली पॅटी, आणि चिप स्पाइस मिळतं. चिप स्पाइस म्हणजे पेपरिका घातलेलं लालसर मीठ, ते बाबांना आवडेल असा माझा अंदाज आहे.

शेवंता
आम्हीही वेगळ्या कढईचं ठिकाण शोधलं. नवऱ्याने हलूमी आणि चिप्स पोटभर खाल्ल्या. धागा काढल्याबद्दल मृदाचे आभार.

पुणेरी_मीठ
मी पुण्यात असते, हे सगळं वाचून खावंसं वाटायला लागलंय. इकडे हॉटेलात मागवलं तर बहुतेक ठिकाणी बासा येतो, पाणचट आणि चिखलाच्या वासाचा. घरी करायचं तर कोणता मासा घ्यावा? आणि माझ्या चिप्स नेहमी बाहेरून काळपट होतात, आतून कच्च्या राहतात.

अबोली
जिताडा मिळाला तर सर्वात चांगला, गोव्यात त्याला चोणक म्हणतात. मांस पांढरं, जाड, पाकळ्या सुटतात. नाहीतर रावस. मासेवाल्याकडून काटे काढून जाड फिले करून घे, पातळ तुकडे नकोत. मासा कोरडा पुसून घे, मीठ लाव, आधी कोरड्या मैद्यात घोळव आणि मग पिठात बुडव, म्हणजे आवरण सुटत नाही. पीठ मैदा, थोडी तांदळाची पिठी, बेकिंग पावडर आणि फ्रिजमधलं थंड सोडा वॉटर. तेल चांगलं तापल्याशिवाय सोडू नकोस, आणि एका वेळी एकच तुकडा.

चिप्स काळ्या पडतात त्याला बटाटा कारण आहे. कोल्ड स्टोरेजमधल्या बटाट्यात पिष्टाची साखर होते आणि तळताना ती जळते. बाजारात चिपसोना जातीचा बटाटा मिळतो का बघ, वेफरवाले तो वापरतात. त्याचे बोटाएवढे जाड तुकडे करून पाण्यात भिजव, पुसून घे, मध्यम तेलात रंग न येऊ देता मऊ होईपर्यंत तळ. बाहेर काढून पूर्ण गार होऊ दे, मग कडक तेलात दुसऱ्यांदा. इथली दुकानं मॅरिस पायपर नावाचा पिठूळ बटाटा वापरतात. आपला नवा बटाटा चिकट असतो, तो घेऊ नकोस.

पुणेरी_मीठ
जिताडा रविवारी बघते. माल्ट व्हिनेगर कॅम्पात एका दुकानात पाहिलंय. झालं की फोटो टाकते.